चौथा पर्याय

ऑफिसात तिला सगळे प्रश्नबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे, कारण कामच तसं होतं. नोकरीच्या नाहीतर बढतीच्या परीक्षेत तर्काचा जो पेपर असतो, त्यातले प्रश्न कुणीतरी बसून लिहावे लागतात. ते ती लिहायची. त्यातही एका प्रकारात तिचा हातखंडा. छोटासा उतारा द्यायचा: अमुक झालं, मग तमुक झालं, म्हणजे अमुकमुळेच तमुक झालं. आणि खाली विचारायचं, हे बोलणारा माणूस न सांगता काय गृहीत धरून चालला आहे? चार पर्याय, त्यातला एक बरोबर, बाकीचे चकवणारे. नवा पूल झाला आणि जुन्या रस्त्यावरची दुकानं बंद पडली, म्हणजे पुलानेच दुकानं बुडवली, असं कुणी म्हटलं की आपण माना डोलावतो. प्रश्नबाई डोलावत नसे. दुकानं आधीपासूनच बसत आली नव्हती कशावरून, असं ती विचारायची आणि भल्याभल्यांची दांडी गुल करायची.

दुसऱ्याच्या बोलण्यातलं भोक तिला लांबून दिसायचं. घरी आल्यावर माणूस चष्मा काढून टेबलावर ठेवतो, तशी ही नजरही ती काढून ठेवत असावी. नाहीतर पुढचं काही घडलं नसतं.

थंडी सुरू होताना एके सकाळी तिचे बाबा बॅग घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, आता जिने चढवत नाहीत, एकट्याला करमतही नाही, थोडे दिवस राहतो तुझ्याकडे. ऐंशी उलटलेला माणूस. तिने लग्न केलं नव्हतं, घरात जागा होती, आणि बाबांवर तिचा लहानपणापासून जीव. ती आनंदाने हो म्हणाली. जिने चढवत नाहीत म्हणणारा माणूस तिच्या तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढून आला होता, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. परीक्षेच्या उताऱ्यात असं वाक्य आलं असतं तर तिने त्याभोवती लाल गोल काढला असता.

आणि मग ते प्रकार सुरू झाले.

पहिल्यांदा ती आंघोळ करून बाहेर आली तर घरभर गॅसचा वास. स्वयंपाकघरात बाबा शेगडीपाशी उभे, हात बटणावर. "उघडा होता," ते म्हणाले आणि खिडकी उघडायला वळले. मग तसंच पुन्हा झालं, आणि पुन्हा. दर वेळी वास, आणि दर वेळी बटणावर बाबांचाच हात. घराच्या किल्ल्या हरवल्या, त्या पिठाच्या डब्यात तळाशी सापडल्या. तिने विचारलं तर बाबा म्हणाले, माझ्याच हातून पडल्या असतील. एका दुपारी टेबलावर चहाचे दोन कप होते, एक गरम आणि एक साय धरून गार झालेला. चहा तिने एकदाच केला होता, हे ती शपथेवर सांगायला तयार होती. बाबा म्हणाले, मीच केला असेन.

त्यांचं वागणंही विचित्र होत गेलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती आडवी झाली की ते खुर्ची ओढत न्यायचे आणि बाहेरच्या दाराला पाठ लावून बसायचे. हातात पेपर नाही, डोळा लागत नाही, नुसते बसलेले. ती न्हाणीघरात गेली की त्यांची पावलं मागोमाग यायची आणि दाराबाहेर थांबायची. एकदा तिला जाग आली तर ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून तिच्याकडे बघत होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "काही नाही. झोप तू." सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण तिला स्वतःच्या बापाची भीती वाटू लागली. ती खोलीला आतून कडी लावू लागली, आणि कडी लावल्याचा आवाज झाला की पलीकडे एक दीर्घ श्वास ऐकू यायचा.

तिने हिशेब सरळ मांडला. बाबा आले, मग हे सुरू झालं, म्हणजे हे बाबांमुळे. वय झालं, डोकं साथ देत नाही, यात त्यांचा काय दोष? पण एक दिवस घर पेटलं तर दोघं जातील. तिने गावाबाहेरचा एक वृद्धाश्रम जाऊन पाहिला. स्वच्छ खोल्या, समोर बाग, बागेत बाकं. नाश्त्याच्या वेळी तिने बाबांना सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत. एकदोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं, आणि शेवटी एवढंच विचारलं, "तुझ्याजवळ कोण राहील?"

"मला कोण कशाला हवंय, बाबा?" ती म्हणाली.

जाण्याआधी त्यांनी घराची जादा किल्ली शेजारच्या काकूंना नेऊन दिली. कारण विचारलं तर सांगेनात. ते तिला जरा लागलंच, पण जाणाऱ्या माणसाशी कुठे वाद घालायचा म्हणून तिने ते सोडून दिलं.

पहिले काही दिवस घर शांत होतं. ती स्वतःशी म्हणायची, बघ, कारण गेलं, परिणामही गेला. असं म्हणताना बरं मात्र वाटत नसे, ते वेगळं.

मग ती संध्याकाळ आली. ऑफिसातून परतताना ती जिना चढत होती आणि पाय मणामणाचे झाले होते, कुठे लांबवर पायपीट करून यावं तसे. तिसऱ्या मजल्यावर पोचली तर घराचं दार सताड उघडं. किल्ली बाहेरून कुलपातच लटकत होती. ती उंबऱ्यावर थबकली. हाक मारली, कुणी ओ दिली नाही. आत दिवा लागलेला होता, टेबलावर चहाचा कप होता आणि त्यातून वाफ येत होती. खुर्ची मागे सरकवलेली, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

तिने झाडू उचलला आणि एकेक खोली पाहिली. दारांच्या मागे, पलंगाखाली, पडद्याआड पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. परत टेबलाशी आली तेव्हा तिला कपाशेजारी तिची पर्स दिसली. रोजची, ऑफिसला न्यायची. तिचा हात खांद्याकडे गेला. खांदा मोकळा होता. मग तिने सावकाश खाली पाहिलं, कारण तोवर काहीतरी तिला सांगू लागलं होतं की खाली बघ, आणि पाहिलं तर पायांत घरातल्या सपाता होत्या. तिचे बूट दाराशी व्यवस्थित जोडीने ठेवलेले होते आणि त्यांच्या तळव्यांना ओली माती होती. ऑफिस ते घर या वाटेवर मातीचा कण नाही.

ती तशीच उभी राहिली. घरात आपल्याशिवाय कुणीतरी आहे, आणि ते आपल्या मागे, आपल्याला दिसणार नाही इतक्या जवळ उभं आहे, असं तिला वाटत राहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

बाबा होते. "पोचलीस ना नीट?" त्यांनी विचारलं.

"कुठून?"

"ऑफिसातून," ते सावरून म्हणाले. मग म्हणाले, "मी बॅग भरून बसलोय. बाहेर बाकावर."

बॅग कशाला भरली, आत जा, बाहेर गारठा आहे, असं ती त्यांना लहान मुलाला समजवावं तसं समजावत राहिली. तिथलं जेवण बरं आहे का, हेही तिने विचारलं. ते "बरं आहे" म्हणाले, गॅस बघायला सांगितलं आणि फोन ठेवला. तिला रडू कोसळलं. संपलं, बाबांना आता वेळकाळाचं भानही उरलं नाही, असं तिच्या मनात आलं. पर्स आणि सपातांचं तिने दमणुकीवर ढकललं, चहा पिऊन टाकला आणि लवकर झोपली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात उलटेमास्तर तिच्या टेबलाशी आले. हेही टोपणनावच. प्रत्येक प्रश्न पेपरात जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी उत्तर न बघता सोडवून पाहायचा, असा त्यांच्याकडे रिवाज होता, आणि बाईंचे प्रश्न मास्तरांकडे जात. कोणताही पर्याय आला की मास्तर तो उलटा करून बघत. उलटा केला आणि उताऱ्यातला तर्क कोसळला, तर तेच ते लपलेलं गृहीतक. नाही कोसळला तर तो पर्याय नुसता चकवा. तीस जणांत बसून मास्तर जेवणाच्या डब्यालाही हीच कसोटी लावत, अशी त्यांची थट्टा चालायची.

त्यांच्या हातात तिचा नवा प्रश्न होता. कच्चा, हाताने लिहिलेला. प्रश्न लिहिणारी माणसं घरातलं काहीबाही वापरतात, त्याला ते घरचा माल म्हणत, आणि तिने हा प्रश्न घरच्या मालातूनच काढला होता. एका घरी वृद्ध वडील राहायला आले. त्यानंतर त्या घरात गॅस उघडा राहणे, वस्तू भलतीकडे सापडणे असे प्रकार दिसू लागले. म्हणून मुलीने निष्कर्ष काढला की हे प्रकार वडिलांमुळेच घडतात. मुलीने काय गृहीत धरले आहे?

"चौथा," मास्तर म्हणाले. "छान उतरलाय, बाई. पहिले तीन कच्चे आहेत, पण चौथा पक्का."

ती हसली. तिची सवय मास्तरांना ठाऊक होती: तीन पर्याय आज, चौथा ताज्या डोक्याने नंतर. चौथा अजून लिहिलाच नाही, ती म्हणाली. मास्तरांनी कागद तिच्यापुढे ठेवला. चौथ्या आकड्यापुढे ओळ होती, अक्षर तिचं होतं, फक्त घाईने लिहिलेलं. "हे प्रकार आधीपासून घडत होते आणि म्हणूनच वडील राहायला आले, असे नाही."

"हे तुम्ही लिहिलंत?" तिने विचारलं.

"मी कशाला लिहीन? काल तुम्हीच लिहिलंत, माझ्यासमोर. लिहिलंत, तोंडाला हात लावून थोडा वेळ बसलात, आणि पर्स उचलून निघून गेलात. मग दिवसभर आला नाहीत. मी म्हटलं, घरी काही झालं की काय."

"काल मी दिवसभर इथेच होते, मास्तर."

मास्तरांना चेष्टा करायला कारण लागत नसे, पण त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. ते तिच्याकडे बघत होते, आणि ती नजर तिने अलीकडे दुसऱ्या एका चेहऱ्यावर पाहिलेली होती. पायथ्याशी उभ्या असलेल्या बाबांच्या.

तिने कागदावरची ओळ उलटी केली. आयुष्यभर केलं होतं, हाताला सवय होती. हे प्रकार आधीपासून घडत होते आणि म्हणूनच वडील राहायला आले. एवढं केलं आणि तिने उभा केलेला सगळा डोलारा खाली आला. बटणावर हात कुणाचा होता, हे तिने पाहिलं होतं; तो हात बटण उघडत होता की बंद करत होता, हे कधी पाहिलं होतं? तिच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर पाणी आणायला गेले, तेवढ्यात ती निघाली.

शेजारच्या काकूंनी दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून बाजूला झाल्या. बस म्हणाल्या. तिने उभ्यानेच विचारलं, बाबा येण्याच्या आधी माझ्या घरात काही झालं होतं का? काकू सांगू लागल्या. उन्हाळ्यात ती जिन्यात किल्ली हातात घेऊन उभी असायची, कोणतं दार आपलं ते कळत नसल्यासारखी. गॅसचा वास काकूंच्या घरापर्यंत आला होता. एका सकाळी तिने काकूंची बेल वाजवून, आई तुमच्याकडे आली आहे का, म्हणून विचारलं होतं. आईला जाऊन कैक वर्षं झाली होती.

"मग मीच तुझ्या बाबांना फोन केला," काकू म्हणाल्या. "ते म्हणाले, तिला काही सांगू नका, ती फार हुशार आहे, तिला सोसायचं नाही. मी येतो. किल्ल्या तेच लपवायचे, बाळा. तू भर दुपारी निघून जायचीस."

काकू कुठे अडखळत नव्हत्या. आधी एकदा सांगून झालेलं माणूस पुन्हा सांगतं, तसं त्या सांगत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, या वेळी मी येऊ का बरोबर? या वेळी म्हणजे काय, असं तिने विचारलं तेव्हा काकूंनी गुडघे चोळत विषय बदलला. पण दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्या तीन मजले उतरून खाली आल्या, त्यांनी तिला टॅक्सीत बसवलं आणि ड्रायव्हरला वृद्धाश्रमाचा पत्ता दोनदा बजावून सांगितला.

वाटेत ती मनात एकच वाक्य घोळवत होती: बाबांना घरी आणायचं. खिडकीबाहेर काय जातंय ते तिने पाहिलं नाही. हे वाक्य हातून सुटलं तर सगळंच सुटेल, अशी भीती तिला वाटत होती.

वृद्धाश्रमाच्या फाटकातून आत जाणारी वाट मातीची होती आणि झाडांना नुकतंच पाणी घातलेलं होतं. तिने पायांतल्या बुटांकडे पाहिलं आणि पुढे चालत राहिली. आश्रमाच्या ऑफिसच्या पायरीवर तिथल्या व्यवस्थापक बाई भेटल्या. त्या चांगल्या होत्या, पण आज त्यांचा आवाज कोरडा होता.

"आज तरी नेणार ना त्यांना?" त्या म्हणाल्या. "काल तुम्ही बॅग भरायला सांगून टॅक्सी बघायला गेलात, ते अजून वाट बघतायत. रात्री कसंबसं आत नेलं. सकाळी परत बाहेर येऊन बसले."

म्हणजे काल तिला सगळं कळलं होतं. काल तिने ती ओळ लिहिली होती, काकूंकडे गेली होती, इथे आली होती, बाबांना बहुतेक मिठी मारून रडली असेल, आणि या फाटकातून बाहेर पडल्यावर ते सगळं कुठेतरी सांडून मोकळ्या हातांनी घरी गेली होती. तिच्या घरात वावरणारं, चहा करून ठेवणारं, दार उघडं टाकणारं ते दुसरं कुणीतरी तिला आता समोर दिसलं.

बाबा कडेच्या बाकावर बसले होते. अंगात कोट, गुडघ्यांवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात. ती जवळ गेली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"मिळाली का टॅक्सी?" त्यांनी विचारलं. जशी काही ती आत्ताच उठून गेली होती.

ती त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, मी तुम्हाला घराबाहेर काढलं," ती म्हणाली.

"असू दे."

"तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "एकदा नाही, पुष्कळदा. दर वेळी तू तितकीच रडायचीस. मग म्हटलं, कशाला."

आपण हे किती वेळा ऐकलं असेल, कोणत्या बाकांवर, कोणत्या दुपारी, हे विचारायचा धीर तिला झाला नाही. व्यवस्थापक बाईंनी आतून फोन करून टॅक्सी मागवली होती. ती आली का ते फाटकाशी जाऊन बघते, असं म्हणत ती सवयीने उठली. बाबांनी तिचं मनगट धरलं. हात म्हातारा होता, पण पकड घट्ट होती.

"इथूनच दिसतं फाटक," ते म्हणाले.

टॅक्सी आली तेव्हा दोघं एकदमच उठले आणि बरोबरीने चालत गेले. बॅग त्यांनी तिच्या हातात दिली नाही. मागच्या सीटवर बसल्यावरही मनगट सुटलं नव्हतं. ड्रायव्हरने मान वळवून विचारलं, कुठे जायचं? बाबा तिच्याकडे बघत थांबले.

तिने पत्ता सांगितला. रस्ता, गल्ली, घराचा नंबर, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, सगळं न अडखळता, स्वच्छ आवाजात. सांगून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने काच खाली केली आणि तोंडावर वारा घेतला. निदान आपलं घर आपल्याला ठाऊक आहे.

गाडी सुरू झाली. बाबा पुढे वाकले आणि अगदी हळू आवाजात ड्रायव्हरला दुसरा पत्ता सांगू लागले. तिने सांगितलेलं घर आईचं होतं, ती शाळेत असताना ते तिघं तिथे राहायचे, आणि ते घर पाडून झाल्यालाही जमाना लोटला होता. हे तिला बाबांचा आवाज कानावर पडल्यावर आठवलं. तिने खिडकीबाहेर बघायचं सोडलं नाही. आपण काही ऐकलं नाही असं तिने दाखवलं, आणि बाबाही मागे टेकून बसले.